बसायचं नाही, चाखायचं आहे! मद्यधोरण ठरवणाऱ्यांना एका बीअर शॉपीवालीचं खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्राचं मद्यधोरण ज्यांच्या सहीने ठरतं ते मंत्रिमहोदय आणि अधिकारी,

स. न. वि. वि.

मी पुण्यात बीअर शॉपी चालवते. ‘चालवते’ वाचून कुणाची भुवई वर गेली असेल तर हरकत नाही, मला सवय आहे. दुकान बाबांनी सुरू केलं. ते गेल्यावर एफएल/बीआर-दोन, म्हणजे सीलबंद बीअर विकण्याचा, परवाना वारस म्हणून माझ्या नावावर झाला. आई अजूनही लग्नकार्यात कुणी विचारलं तर ‘आमचं दुकान आहे’ एवढंच सांगते. कसलं, ते समोरच्याने पुढे विचारायचं नसतं. अकरा बाय चौदाचा गाळा. पुढे लोखंडी जाळी, जाळीत हात जाईल एवढी खिडकी, मागे काचेचे तीन फ्रीज. भिंतीवर फ्रेममध्ये परवाना आणि त्याच्या शेजारी हार घातलेले बाबा.

हे पत्र लिहायचं कारण एका शनिवारी संध्याकाळी घडलं. खरं तर काही घडलंच नाही, आणि तेच कारण आहे.

त्या दिवशी दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात मी बारा खुर्च्या मांडल्या होत्या. आलेल्यांत बँकेतून निवृत्त झालेले दोघे मित्र, एक आयटीतलं जोडपं, रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई, हॉटेल मॅनेजमेंटची तीन मुलं आणि बाकी नेहमीची गिऱ्हाइकं. सगळे एकवीसच्या पुढचे. मी ओळखपत्रं पाहिली होती. टेबलावर स्टीलच्या चार वाट्या. एकीत साधं जव, दुसरीत मोड आणून वाळवलेलं म्हणजे माल्ट, तिसरीत खरपूस भाजलेलं तांबूस माल्ट, चौथीत कोळशासारखं काळं. एका डबीत हॉप्सच्या, म्हणजे बीअरमध्ये घालायच्या एका वेलीच्या फुलांच्या, हिरव्या गोळ्या. त्या तळहातावर चुरडल्या की आधी लिंबाच्या पानाचा वास येतो, मग ओल्या गवताचा, आणि शेवटी कडुनिंबासारखं काहीतरी घशात उतरतं. प्यायला जवाचं पाणी आणि हॉप्सचा कोमट काढा. काढा पिऊन सगळ्यांची तोंडं वाकडी झाली, तेव्हा मी सांगितलं, बीअरचा कडवटपणा येतो तो इथून.

बीअरच्या एकाही बाटलीचं झाकण उघडलं नाही. कॅनची एकही चावी ओढली नाही.

पाऊण तासात दोन साहेब आले. कुणीतरी फोन केला होता, ‘दुकानात बसवतात’ म्हणून. ते कुठल्या कार्यालयातले, हे मी लिहीत नाही, कारण माझं भांडण माणसांशी नाही. त्यांनी स्टीलचे पेले हुंगले. टेबलाखाली पाहिलं. एका साहेबांनी चौथ्या वाटीतले दोन दाणे तोंडात टाकले, चावले आणि म्हणाले, “कॉफीसारखं लागतंय.” मग खुर्च्यांकडे बघून जरा संकोचानेच म्हणाले, “मॅडम, तोंडी सांगतोय. पुन्हा नको. शॉपीत घ्यायचं आणि निघायचं, एवढंच असतं.”

त्यानंतर ती संध्याकाळ पुन्हा झाली नाही.

आता मला काय हवं आहे ते सांगते. महिन्यातून एकदा, माझ्याच दुकानात, पंधरा जणांना पाच प्रकारच्या बीअर साठ-साठ मिलिलिटर चाखायला द्यायच्या आणि प्रत्येक घोटाबरोबर ती कशी बनते ते सांगायचं. आपल्याकडे ‘बसायचं का?’ असं विचारलं की खाली टेकायचं का, असा अर्थ कुणी घेत नाही. मला कुणाला त्या अर्थाने बसवायचं नाहीये. साड्यांच्या दुकानात पदर उलगडून दाखवतात. मंडईत आंबेवाला पेटीतला एक कापून फोड हातावर ठेवतो. मिठाईवाला बर्फीचा तुकडा पुढे करतो. मी मात्र दोनशे रुपयांचा कॅन जाळीतून पुढे सरकवते आणि म्हणते, “चांगली आहे, घेऊन बघा.” का चांगली, कशी चांगली, हे विचारायला मागच्या रांगेतला माणूस वेळ देत नाही.

माझ्या परवान्यात सीलबंद विक्री आहे. बाटली उघडून जागेवर पाजणं नाही. हे मला मान्य आहे आणि एवढ्या वर्षांत मी ते कधी मोडलं नाही. पण 1949 च्या दारूबंदी अधिनियमात गुत्ता उघडण्याला कलम 68 आणि गुत्त्यात पिताना सापडण्याला कलम 84 आहे, आणि मी साठ मिलिलिटरचा पेला पुढे केला तर मला आणि त्या निवृत्त काकांना हीच कलमं दाखवली जातील, असं मी ज्या वकिलांचा सल्ला घेतला ते म्हणतात. गुत्ता! बाबांनी हा शब्द ऐकला असता तर दिवसभर जेवले नसते.

माझ्या तक्रारी अशा.

एक. जाळीच्या बाहेर काय चालतं ते तुम्ही कधी संध्याकाळी सातला येऊन पाहा. दुकानाच्या शेजारून एक बोळ जातो. रोज सात-सव्वासातला एक गृहस्थ येतात, खिडकीतून अचूक सुट्टे देतात आणि साडेसहाशे मिलिलिटरची कडक बीअर घेतात. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून देते. बोळात कंपाउंडच्या भिंतीला पाठ लावून ते दहा मिनिटांत ती संपवतात, बाटली गटाराच्या कडेला उभी ठेवतात आणि स्कूटरला किक मारतात. त्यांच्यासारखे पाच-सहा जण असतात. बोळात पिणं बेकायदा आहे, हे त्यांना ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे आणि गस्तीवरच्या माणसालाही. पण माझा व्यवहार खिडकीपाशी कायदेशीरपणे संपलेला असतो.

आता हिशेब करू. राज्यात सौम्य बीअर म्हणजे पाच टक्क्यांपर्यंत अल्कोहोल, कडक म्हणजे त्यापुढे आठपर्यंत. आठ टक्क्यांच्या साडेसहाशे मिलिलिटरमध्ये 52 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल जातं. माझ्या पाच पेल्यांत मिळून 300 मिलिलिटर बीअर, म्हणजे एका पाइंटपेक्षाही कमी, आणि पाच टक्क्यांनी तिच्यात 15 मिलिलिटर अल्कोहोल. तेही दोन तासांत, चणे-फुटाणे आणि भडंगासोबत, छताखाली, नाव-गाव नोंदवून. यातलं पहिलं मी रोज करू शकते आणि दुसरं वर्षातून एकदाही नाही. हा नियम कुणाला कशापासून वाचवतो, ते मला खरंच कळत नाही.

दोन. वाइनला जे चालतं ते बीअरला का नाही? 2001 साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. नाशिकला सुलाच्या द्राक्षमळ्यात 2005 पासून टेस्टिंग रूम आहे. तिथे शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. पेला तिरका धरायचा, फिरवायचा, नाक खुपसायचं, मग घोट. हे सगळं मराठी माणूस तिथे शिकला. माझे मामेसासरे, ज्यांनी आयुष्यभर ‘दारू ती दारू’ म्हटलं, ते तिथून आल्यावर ‘शेनिन ब्लांक’ म्हणायला लागले. कुणाचं काही बिघडलं नाही. पुढे 27 जानेवारी 2022 ला मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायलाही मंजुरी दिली. त्यावर रान उठलं आणि तो निर्णय अमलात आला नाही, हे वेगळं. पण त्यातून तुमचं मन तर कळलं: चाखणं आणि झिंगणं यात फरक आहे, हे सरकारला तत्त्वतः मान्य आहे.

तुम्ही म्हणाल, वाइनमागे द्राक्षबागाईतदार आहे. बरोबर आहे, आणि मी खोटा दावा करणार नाही. जव आपल्याकडे फारसं पिकत नाही, माल्ट राजस्थान-हरियाणाच्या जवाचं असतं आणि हॉप्स बहुतेक जर्मनी-अमेरिकेतून येतात. पण इथल्या छोट्या ब्रुअरांनी, म्हणजे बीअर बनवणाऱ्यांनी, आंबेमोहोर तांदूळ, नाचणी, कोकम, हापूस बीअरमध्ये वापरून पाहिले आहेत. पुण्यातच मधापासून मीड नावाचं मद्य बनतं. 2009 साली डूलाली या कंपनीने राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बीअर बनवून देणारी छोटी ब्रुअरी, काढली तीही पुण्यातच. या शहराला त्याचं कौतुक असायला हवं होतं. ते नाही, कारण बहुतेकांना ते माहीतच नाही. माहीत होण्याचा जो एक सरळ रस्ता आहे, तो माझ्या दुकानातल्या बारा खुर्च्यांवरून जातो.

तीन. ‘परमिट रूममध्ये जा किंवा मायक्रोब्रुअरीत जा’ हा सल्ला मला सरकारी कचेरीतल्या प्रत्येक टेबलावर मिळाला. परमिट रूमच्या परवान्याचं शुल्क लाखांत जातं. माझ्या गाळ्याला ते झेपत नाही आणि मला परमिट रूम काढायचीही नाही. मायक्रोब्रुअरीत त्यांची स्वतःची बीअर मिळते, आणि ते योग्यच आहे. पण पाच वेगवेगळ्या लोकांनी बनवलेल्या पाच गव्हाच्या बीअर एकापुढे एक ठेवून फरक समजून घ्यायचा तर ते दुकानातच शक्य आहे, कारण दुकान कुणा एकाचं नसतं. शिवाय तिथल्या संगीताच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तर गव्हाच्या बीअरमधला केळ्याचा वास यीस्टमधून येतो हे कुणाला काय सांगणार. एक दिवसाचा तात्पुरता परवानाही असतो, पण तो मेजवान्यांसाठी आणि एकतीस डिसेंबरसाठी घडवलेला आहे. सीलबंद विक्रीच्या गाळ्यात पंधरा पेल्यांसाठी तो कसा बसवायचा, याचं लेखी उत्तर मला अजून कुठल्याही टेबलावर मिळालेलं नाही.

चार. ही तक्रार छोटी वाटेल, पण माझ्या गल्ल्याला तीच लागते. क्राफ्ट बीअरचं, म्हणजे छोट्या ब्रुअरांच्या बीअरचं, आयुष्य कमी असतं. ज्यात हॉप्स जास्त, तिचा वास काही महिन्यांतच उतरायला लागतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या दोन क्रेट मुदत संपून पडल्या. चव चांगली होती, पण कुणाला सांगता आलं नाही. दारूची जाहिरात करायला कलम 24 ने बंदी आहे, त्यामुळे फ्रीजवर ‘ही कॉफीसारखी लागते’ अशी पाटीसुद्धा लावायची मला भीती वाटते. पुण्यात राहून पाटी लावता येऊ नये, याहून मोठी शिक्षा नाही.

इथे एक आठवण करून देते. 1951 साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच अधिनियमातला मादक पदार्थांची वाखाणणी करण्यावर बंदी घालणारा भाग रद्द ठरवला होता, कारण तो बोलण्याच्या स्वातंत्र्याच्या आड येत होता. म्हणजे बीअर चांगली आहे असं म्हणायचा हक्क मला सत्तर वर्षांहून जास्त काळ आहे. मग जवाचं पाणी पाजून बीअरबद्दल बोलायला खुर्च्या मांडल्या तर ‘पुन्हा नको’ कशाच्या आधारावर?

पाच. बायकांबद्दल. माझ्या खिडकीशी स्वतः येऊन बीअर घेणारी बाई आठवड्यातून एखादी. बाकीच्या नवऱ्याला, भावाला पाठवतात किंवा गाडीत काच वर करून बसतात. मी स्वतः जाळीच्या आत असून मला बाहेरच्या रांगेत उभं राहायला आवडणार नाही. त्या शनिवारी आलेल्या बारांपैकी पाच बायका होत्या. रसायनशास्त्राच्या बाईंनी तर माझी चूकच दुरुस्त केली. हॉप्समधली कडू द्रव्यं उजेडात फुटतात, बीअरमधल्या गंधकाच्या संयुगांशी जुळतात आणि सडक्या कोबीसारखा वास सुटतो, हे मी सांगत होते. त्या म्हणाल्या, त्यात जीवनसत्त्व ब-दोनही लागतं, उजेड तेच शोषतं. तपकिरी बाटली का, हिरवी का नको, हे तेव्हा सगळ्यांना एकदम समजलं. हेच मी घरी सहा मैत्रिणींना करून दाखवलं होतं, सगळ्यांचे परवाने काढून. एकाच बीअरचे दोन पेले, एक गच्चीवर उन्हात, एक फ्रीजमध्ये. वीस मिनिटांनी उन्हातला पेला नाकाशी नेल्यावर एक मैत्रीण म्हणाली, “म्हणजे आम्ही इतकी वर्षं ही पीत होतो!” हो बाई, हीच. दुकानाबाहेर उन्हात क्रेट रचलेल्या असतात ना, त्यातली.

परवान्यांवरून आठवलं. पिणाऱ्यानेही परवाना बाळगायचा असतो हे राज्यातल्या निम्म्या पिणाऱ्यांना तरी माहीत असेल का, मला शंका आहे. एका दिवसाचा पाच रुपयांत, आजीवन हजारात. मी गिऱ्हाइकांना ‘आजीवन काढून ठेवा’ म्हणते तेव्हा ते मी विम्याची पॉलिसी विकत असल्यासारखे बघतात. माझ्या चाखण्याच्या संध्याकाळी मात्र परवाना दाखवल्याशिवाय पेला मिळणार नाही. तुमचा हा नियम मनापासून पाळला जाईल अशी जागा तुम्हाला दुसरी सापडणार नाही.

आता विरोधाबद्दल, कारण हे पत्र फक्त तुम्हीच वाचणार नाही.

माझा धाकटा मामा दारूने गेला. बीअरने नव्हे, पण गेला दारूनेच. आईने त्याला सासवडच्या घरी शेवटचे चार महिने सांभाळलं. त्यामुळे गावोगावी उभी बाटली-आडवी बाटली मतदानात रांगा लावणाऱ्या बायकांना मी हसत नाही. त्यांच्या जागी मी असते तर आडव्या बाटलीवरच शिक्का मारला असता. आमच्या सोसायटीतल्या ज्यांनी त्या दिवशी फोन केला असेल, त्यांच्यावरही माझा राग नाही. 2025 च्या मार्चमध्ये विधानसभेत जाहीर झालं की सोसायटीच्या गाळ्यात नवीन बीअर किंवा वाइन शॉप काढायचं तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. मला ते रास्त वाटलं. माझं दुकान जुनं आहे, तरी चाखण्याच्या संध्याकाळसाठी मी सोसायटीची परवानगी घ्यायला तयार आहे. सर्वसाधारण सभेत उभी राहीन, प्रश्नांची उत्तरं देईन. पार्किंगचा प्रश्न पहिला येणार, हेही मला ठाऊक आहे.

पण ज्याने मामाला नेलं ते साठ मिलिलिटरच्या पेल्यांतून आलेलं नव्हतं. एकट्याने, घाईघाईने, लपून पिण्यातून आलं होतं. आपला सगळा कायदा पिणाऱ्याला लपायला शिकवतो: काळी पिशवी, जाळी, बोळ. आणि महसूल मोजताना मात्र आपण लपत नाही. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये बीअरवरच्या शुल्काचा विचार करायला अभ्यासगट नेमलात. 2025 च्या जूनमध्ये विदेशी मद्यावरचं शुल्क वाढवताना बीअर आणि वाइनला वगळलंत. म्हणजे बीअर वेगळी, हे तिजोरीला कळतं. माझ्या परवान्याच्या कागदावर ते अजून उतरलेलं नाही.

बाहेर हे कसं चालतं, हे एकदा पाहिलं म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी चुलतभावाकडे मँचेस्टरला गेले होते. त्याच्या घराजवळ माझ्या दुकानाएवढंच बाटल्यांचं दुकान. गुरुवारी संध्याकाळी सहाला काउंटरवर दहा पेले मांडले. ब्रुअरी चालवणारा माणूस स्वतः आला होता, पावसाने भिजलेला, गुडघ्याला चिखल. त्याने स्टाउट, म्हणजे भाजल्या धान्याची काळी बीअर, ओतली आणि ती फार गार का द्यायची नाही ते सांगितलं: गारठलेल्या जिभेला भाजल्या धान्याचा गोडवा कळत नाही. साडेआठला सगळे आपापल्या पिशव्या घेऊन घरी. एकाचाही तोल गेला नव्हता. सगळे गेल्यावर दुकानदाराने पेले विसळले, साबणाशिवाय, कारण साबणाचा अंश राहिला की बीअरचा फेस टिकत नाही.

नंतर मी तिथला कायदा वाचला. इंग्लंड-वेल्समध्ये 2003 च्या परवाना कायद्याखाली जागेवर पाजायचा परवाना नसलेल्या दुकानालाही तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना देता येते. शुल्क 21 पौंड, कामाचे दहा दिवस आधी अर्ज, माणसं कमाल 499. पोलिसांना आणि पालिकेच्या पर्यावरण आरोग्य खात्याला हरकत घ्यायचा अधिकार. मला 499 नकोत. मला पंधरा पुरे.

तर मागण्या. सगळ्या एका पानावर बसतील अशा.

1. एफएल/बीआर-दोन परवान्याला ‘चाखणे’ अशी एक पुरवणी जोडता यावी. महिन्यातून एक संध्याकाळ, कमाल पंधरा माणसं, दोन तास, माणशी कमाल 300 मिलिलिटर, फक्त सौम्य बीअर. तेवढा वेळ खिडकीवरची विक्री बंद.

2. पुरवणीचं शुल्क दुकानाच्या आकाराला शोभेल असं असावं. परमिट रूमचा हिशेब बीअर शॉपीला लावू नये.

3. येणाऱ्याचं नाव आधी नोंदवलेलं असावं, वय एकवीसच्या पुढे, पिण्याचा परवाना हातात. नोंदवही तुमच्या निरीक्षकाने केव्हाही पाहावी. गाडी चालवत आलेल्याला पेला नाही, ही अट मी स्वतःहून घालते.

4. सोसायटीतल्या दुकानाला सोसायटीची संमती लागेल, आणि ती सोसायटीला परत घेता येईल.

5. आधी एक वर्ष पुणे, मुंबई आणि नाशिकच्या मोजक्या दुकानांत हे करून पाहावं. तक्रारी आल्या तर बंद करा. मी वाद घालणार नाही.

6. जिथे एक थेंबही बीअर उघडत नाही अशा बोलण्याच्या, वास घेण्याच्या, जव चावून बघण्याच्या बैठकींना परवानगी लागत नाही, असं एक लेखी परिपत्रक काढावं. ही मागणी फुकटची आहे. तिला कॅबिनेट लागत नाही, फक्त एक सही लागते.

हे सगळं फेटाळायचं असेल तर फेटाळा, पण लेखी कळवा आणि कारण द्या. तोंडी ‘पुन्हा नको’ मला फाइलला लावता येत नाही.

आणि एक निमंत्रण. तुमच्यापैकी ज्यांना शंका असेल त्यांनी कुठल्याही मंगळवारी दुपारी यावं. तेव्हा गर्दी नसते. बीअर मिळणार नाही, कारण माझा परवाना तसा नाही. जवाचं पाणी मिळेल, चार वाट्या मिळतील, आणि आई असली तर चहाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक परवानाधारक बीअर शॉपीवाली, पुणे

ता. क. ज्या साहेबांनी त्या दिवशी काळं जव चावून पाहिलं, त्यांना विचारायचं राहून गेलं. कॉफीसारखं लागलं म्हणालात, आवडलं का? थोडं उरलं आहे. डबीत भरून ठेवलंय.